दाराआडची वीत

सोमवार, ४ तारीख

पोचले एकदाची! किल्ली घातली तर कुलूप ढिम्म हलेना. मग लंबूने बजावलेलं आठवलं. कडी धरून दार वर उचलायचं, गुडघ्याने रेटायचं आणि त्याच दमात किल्ली फिरवायची. तिसऱ्या झटक्याला दार उघडलं आणि मी बॅगेसकट आत कोसळले. गृहप्रवेश झाला.

लंबू म्हणजे माझा नवरा. घर सासूबाईंचं. आमच्या लग्नाआधीच त्यांनी ते भाड्याने दिलं होतं, त्यामुळे लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मी आज पहिल्यांदाच इथे पाऊल टाकलं. भाडेकरू गेले, वर्षभर घर रिकामं आहे. ते आता नीटनेटकं करून विकायचं आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच आमचं स्वप्न. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारला. तेव्हापासून त्या रस्त्यावर उतरलेल्या नाहीत. खिडकीतून दोरीला टोपली बांधून भाजी घेतात आणि वरूनच भाजीवाल्याशी हुज्जत घालतात. लंबूला रजा नाही. मी शाळेत कारकून, मला सुट्टी. शिवाय कमी पैशात काम उरकायचं म्हटल्यावर माझ्याशिवाय आहे कोण? उगीच नाही तो मला चिंगूस म्हणत!

घर गोड आहे. पुढे बैठकीची खोली, मग आतली खोली, मागे स्वयंपाकघर आणि परस. परसात उतरायच्या दगडी पायरीचा कोपरा तुटलेला आहे. हीच ती पायरी! सहा वर्षांचा असताना लंबूने इथे हनुवटी फोडून घेतली होती, तीन टाके पडले. ती खूण अजून आहे. फार बडबड करायला लागला की मी त्या खुणेवर अंगठा ठेवते, की गप्प.

आतल्या खोलीतलं कपाट सरकवलं तर मागे मेणखडूने काढलेलं भलंमोठं जहाज! तीन धुराडी, आणि धूर थेट छतापर्यंत. संध्याकाळी फोनवर सांगितलं तर लंबूने अख्खी कहाणी ऐकवली. सात वर्षांचा होता, तापामुळे शाळा बुडाली, स्टुलावर चढून काढलं. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून तोंड लपवून बसला, तर सासूबाई म्हणाल्या की नांगराशिवाय जहाज वाहून जाईल, आणि खडू घेऊन त्यांनी स्वतःच नांगर काढला. मागून सासूबाई ओरडून सांगत होत्या की नांगरच त्यातल्या त्यात बरा आलाय.

पण सगळ्यात मजेची स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. तिच्यावर लंबूच्या उंचीच्या रेघा, तीन वर्षांपासून एकोणीसपर्यंत, प्रत्येकीशेजारी सासूबाईंच्या अक्षरात त्याचं वय. शेवटच्या रेघेला माझा हात कसाबसा पोचतो. मीही पाठ टेकवून, डोक्यावर वही धरून स्वतःची रेघ मारली. त्याच्या बाराव्या आणि तेराव्या वर्षाच्या मधोमध आली. शेजारी लिहिलं, चिंगूस. आता मीही या घरातली झाले.

मंगळवार, ५ तारीख

एजंटबाई येऊन गेल्या. सेकंदाला दहा शब्द, पण बाई मनाने चांगल्या. म्हणाल्या, मोठा खर्च करू नका, फक्त पुसा. भिंतीवरचे खिळे, फोटो, चित्रं, नावं, सगळं काढा आणि सरसकट पांढरा हात मारा. मी जहाजाबद्दल जरा कुरकुर केली, तर त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं.

“बघायला येणाऱ्याला इथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे, ताई. तुमचा दिसला की गिऱ्हाईक गेलं म्हणून समजा.”

खरंच आहे. चौकटही रंगवायला सांगितली. ती मी शेवटी करेन. दुसरी किल्ली त्यांना देऊन टाकली, गिऱ्हाईक आणायला बरी. भिंतीवर लंबूचा एकच फोटो होता, आठ वर्षांचा, पुढचे दोन दात गायब. भाडेकरूंनीही राहू दिला होता. तो बॅगेत ठेवला.

बुधवार, ६ तारीख

आज रंगारीकाका आले. म्हातारे, काटक, कमी बोलणारे. एका दिवसात बैठकीची खोली केली, आणि काय हात आहे! एक थेंब फरशीवर नाही. पण दाराआड त्यांनी वीतभर भिंत तशीच सोडली, जुन्या पिवळट रंगाची. मी म्हटलं, काका, हे राहिलं. तर म्हणाले, राहिलं नाही, सोडलंय. प्रत्येक खोलीत दाराआड वीतभर सोडतात म्हणे. त्यांना उस्तादाने असंच शिकवलंय. दार उघडं असलं की दिसत नाही, म्हणून मी हसून सोडून दिलं. ज्याची त्याची लहर.

रंग संपला होता. माळ्यावर मला एक जुना डबा सापडला, जवळजवळ भरलेला. झाकण उघडलं तर आत दुधासारखा पांढरा रंग, वर साय धरलेली नाही की वास नाही. लॉटरीच लागली! पण काकांनी डबा फिरवून फिरवून पाहिला. कंपनीचं नाव नाही, काहीच छापलेलं नाही. त्यांनी झाकण बसवलं आणि हा वापरू नका म्हणाले. मला कळलं, नवीन डबा विकायचाय. उद्यापासून मीच रंगवीन म्हणून सांगितलं. जाताना त्यांनी एक जुना कुंचला ठेवला आणि वीत सोडायची तेवढी आठवण केली.

गुरुवार, ७ तारीख

मी इतकी वर्षं उगीच कारकुनी केली. काय रंग बसतो माझ्या हातचा! आतली खोली एका दिवसात झाली, एकाच हातात. जहाजावर कुंचला फिरवताना जीव हळहळला, पण मेणावरही रंग असा बसला जसं खाली काही नव्हतंच. वीत वगैरे काही सोडली नाही. अर्धवट काम मला बघवत नाही.

संध्याकाळी लंबूला म्हटलं, तुझं जहाज बुडवलं रे, माफ कर. तो म्हणाला, कसलं जहाज? मी म्हटलं, चेष्टा पुरे. तर तो म्हणाला, त्याने जन्मात चित्र काढलेलं नाही. सासूबाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या की याला खडू धरता येत नव्हता. दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी जोडी आहे.

शुक्रवार, ८ तारीख

परसातल्या पायरीचा कोपरा सिमेंटने भरला आणि वरून पांढरा केला. पायरी नवीकोरी दिसते. मग पुढच्या दाराला हात घातला. बिजागऱ्यांना तेल, खालून थोडं तासलं, आणि दोन्ही बाजूंनी रंग. आता ते एका बोटाने उघडतं. उचलणं नाही, रेटणं नाही.

स्वयंपाकघराची चौकट खाली जमिनीपाशी फार मळली होती. तिथे फक्त बोटभर पट्टी मारली. रेघांना हात लावला नाही.

डबा अजून तेवढाच भरलेला आहे.

शनिवार, ९ तारीख

चौकट गुडघ्यापर्यंत पांढरी झालीय. मी बोटभरच मारली होती. की जास्त मारली? दमलेय, लक्षात राहत नाही. एजंटबाई आल्या होत्या, खूश झाल्या. म्हणाल्या, घर आता कोणाचंच वाटत नाही, हेच हवं होतं.

उद्या लंबू येतोय. सासूबाईंकडे शेजारीण बसणार आहे.

रविवार, १० तारीख

लंबू आला आणि गेला.

दाराबाहेर उभा राहून त्याने बेल वाजवली. स्वतःच्या घराची! मी हसत म्हटलं, आता उचलायची गरज नाही. त्याने विचारलं, काय उचलायची? मग पाहुण्यासारखा चपला हातात घेऊन, कुठे ठेवू म्हणून उभा राहिला. न्हाणीघर कुठे ते मला विचारलं. जेवताना मी नेहमीसारखा त्याच्या हनुवटीवर अंगठा ठेवला.

खूण नाही.

गुळगुळीत. मी त्याला उजेडात नेलं, तोंड वर करून बघितलं. तो हसत होता, गुदगुल्या होताहेत म्हणत होता. हनुवटी कधी फुटली नाही म्हणाला. नऊ वर्षं मी त्या खुणेवर अंगठा ठेवलाय. मला ती डोळे मिटूनही सापडेल.

चारच्या बसने गेला. जाताना म्हणाला, घर छान आहे, मालक कोण आहेत?

सोमवार, ११ तारीख

चौकट कमरेच्या वर गेली. तीन, चार, पाच, या रेघा गेल्या. मी कुंचला हातात धरलेला नाही. डबा झाकण लावून माळ्यावर ठेवलाय.

सकाळीच रंगारीकाकांना शोधत सुटले. ते शाळेचं कुंपण रंगवत होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. वेडी म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला, हात पुसले आणि एवढंच विचारलं, वीत सोडली होती का. मी नाही म्हटलं. मग स्वतःचं सांगितलं. तरुणपणी त्यांना एका कामावर असाच नाव नसलेला डबा मिळाला होता. फुकटचा म्हणून घरी आणला आणि स्वतःचंच घर रंगवलं, कोपरान् कोपरा. उस्तादाचं ऐकलं नाही.

“मी एकुलता एक, ताई. पण आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत दोन मुलांचे कपडे निघाले.”

यापुढे त्यांना काही माहीत नाही. माझ्याबरोबर आले. आतल्या खोलीत जहाज होतं तिथे लोखंडी पट्टीने खरवडलं. पांढऱ्याखाली पांढरं. गिलावा पांढरा. वीट पांढरी. विटेच्या आतही.

चौकटीला करवत लावली. भुसा पांढरा पडला.

मंगळवार, १२ तारीख

सहा, सात, आठ, नऊ. खांद्यापर्यंत.

पुसलेल्या रेघा पुन्हा मारून पाहिल्या. पेन्सिल नुसती घसरते. खिळ्याने ओरखडा काढला, हात मागे घेईपर्यंत बुजला.

बॅगेतला फोटो काढला. भिंत आहे, स्टूल आहे. मुलगा नाही.

लंबूला फोन केला. फार सभ्यपणे बोलला. आपण कुठे भेटलो होतो, मला आठवत नाही, माफ करा, म्हणाला. तो मला अहो म्हणाला. मी तुझी बायको आहे रे, असं ओरडले, तर घाबरून त्याने फोन ठेवला. त्याचा काय दोष? सगळा दोष माझा. एक डबा वाचवायला गेले.

बस पकडून त्याच्याकडे जावं असं शंभरदा वाटलं. पण जाऊन काय करू? तो तिथे नाहीच. तो इथे आहे, या चौकटीवर, दहापासून एकोणीसपर्यंत. आणि मी नुसती बघत बसलेय.

काका जाताना सांगून गेले आहेत की बैठकीच्या खोलीतली वीत तेवढी उरलीय. जे राखायचं ते तिथे लिहा.

बुधवार, १३ तारीख

दहा. अकरा. बारा. माझ्या रेघेला आता बोटभर अंतर.

लंबूचा नंबर अस्तित्वात नाही.

सासूबाईंना लावला. त्यांचाच आवाज. मी लंबूबद्दल विचारलं.

“नंबर चुकलात, बाई. मला मूलबाळ नाही.”

पण त्यांनी फोन ठेवला नाही. बऱ्याच दिवसांनी कोणाचा तरी फोन आला म्हणाल्या. एकट्याच असतात, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेत, दोन वर्षं खाली उतरल्या नाहीत. टोपली सोडून भाजी घेतात, पण हल्ली हात थरथरतात, काल दोरी सुटली आणि टोपली खाली पडली. वर आणून द्यायला कोणी नाही. दोन दिवस चहावर आहेत. हे सगळं हसत हसत सांगत होत्या. मग विचारलं, आवाज ओळखीचा वाटतो, कोण हो तुम्ही? उद्या पुन्हा फोन कराल का म्हणाल्या. मी हो म्हटलं.

त्यांना लिफ्टचं घर द्यायला निघाले होते मी.

दुपारी दाराआड बसून त्या वितीएवढ्या जागेत लिहिलं. पेन्सिल उमटते! बारीक अक्षरात लिहिलं. लंबू. हनुवटीवर तीन टाके. जहाज, तीन धुराडी. नांगर त्याच्या आईने काढला. ती तिसऱ्या मजल्यावर आहे, तिला मुलगा आहे, सून आहे. सगळ्यात खाली, चिंगूस.

नांगरही काढला. बरा आला.

लगेच फोन वाजला. नंबर नव्हता. फक्त खरखर, आणि मग त्याचा आवाज, फार लांबून. त्याने मला चिंगूस म्हटलं. तेवढंच.

म्हणजे चालतंय. वीत राखली की झालं.

गुरुवार, १४ तारीख

सकाळ. उठले तेव्हा हे घर कोणाचं ते आठवेना. वही वाचली. मग दाराआड जाऊन ते वाचलं, तेव्हा आठवलं. चौकट पाहिली. माझ्या रेघेच्या वर पांढरं गेलंय.

आज अकराला गिऱ्हाईक. एजंटबाईंना फोन करून सांगितलं, विकायचं नाही, येऊ नका. त्या म्हणाल्या, मालकीणबाई म्हातारी आहे, एकटी आहे, तिनेच विकायला सांगितलंय. तुम्ही कोण?

दाराआड बसलेय. पाठ त्या वितीला लावून. इथून उठायचं नाही.

किल्ली फिरली. दार उघडून माझ्या गुडघ्यांना लागलं. कोणी आत डोकावलं नाही –

मी हाक मारली. दोनदा. एजंटबाई बोलतच राहिल्या –

नवरा, बायको, लहान मुलगी. त्यांना घर आवडलंय. किती स्वच्छ, म्हणतात. मुलीला चौकटीपाशी उभं केलंय. आईने डोक्यावर हात ठेवून रेघ मारली. उमटली. त्यांची रेघ उमटली –

ते परसात गेले. एजंटबाईंनी दार लोटलं. माझ्याकडे बघताहेत. माझ्याकडे नाही, मागे, भिंतीकडे. एवढंच राहिलंय की, असं म्हणाल्या स्वतःशीच. स्टूल घेऊन माळ्याकडे –

नको. बाई, नको हो –

कुंचला माझ्या खांद्यावरून गेला. ओला लागला नाही. काहीच लागलं नाही. पहिली ओळ गेली. त्याचं नाव – उंच होता. उंच म्हणून आम्ही त्याला –

लिहीत राहते. जहाज. तीन – तीन काहीतरी. नांगर कोणी काढला –

अक्षर छान आहे या वहीतलं. कोणाची –

उद्या फोन करते म्हणाले होते. हे नक्की. कोणीतरी आहे, तिसऱ्या मजल्यावर, टोपली खाली पडलीय, ती फोनपाशी वाट बघत